आधी खिडकी उघडून दाखवा म्हणायचं

मंडळी, आज नवी पेठेत भेटलेल्या एका मावशींचे आभार मानायचेत. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून इथं लिहितोय.

माझी धाकटी बहीण शीतल शिकायला जर्मनीला चाललीय. तिथल्या एका खोलीला आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. मला घरच्यांनी तिच्यासाठी चादर आणायला पाठवलं, आणि मी नेहमीसारखा शेंगा चटणीच्या दुकानात रमलो.

शेजारी मावशी कडक भाकरी बांधून घेत होत्या. गप्पांत शीतलचं सांगितलं, तशा म्हणाल्या, "माझा पोरगा बी तिकडंच हाय. खोली बघितली का?"

"फोटो बघितले की. लई भारी हाय."

"फोटोला काय करतोस? व्हिडिओ कॉल लाव अन् खिडकी उघडून दाखवा म्हण. माझ्या पोरानं मिरच्या परतल्या, धुराचा भोंगा वाजला, सगळी बिल्डिंग थंडीत खाली उभी. त्याची खिडकी उघडतच न्हाय."

तिथूनच शीतलला फोन केला. तिनं लगेच मालकाला व्हिडिओ कॉल लावून खिडकी उघडायला सांगितलं, तर काच पक्की बसवलेली, आणि शेगडी पलंगाला लागून. दोन वर्षं पोरगी फोडणीविना राहिली असती. तिनं कॉलेजपासून लांबची, पण खिडकी उघडणारी दुसरी खोली धरली.

तिचा परत फोन आल्यावर हे सांगायला मागे वळलो, तर मावशी गेलेल्या.

घरी आल्यावर आई म्हणाली, "चादर कुठाय?"

चादर उद्या आणतो. बाहेर राहिलेल्यांनी सांगा, हो म्हणायच्या आधी अजून काय काय उघडून बघायचं?