साहेबांचा पट्टा आणि भाऊची खिडकी

मिस्त्री अजूनही हसत हसत कबूल करतो, की पहिल्या दिवशी त्याला ताई म्हणजे साक्षात राक्षसीण वाटली होती. का नाही वाटणार? गॅरेजच्या दारात पाहतो तर काय, हातात रुंद काळा पट्टा, केस पिंजारलेले, आणि ही बया लंगड्या कुत्र्यामागे धावतेय! "थांब मेल्या, थांब म्हणते ना!" बिचारा पाना घेऊन मध्ये पडला. तेव्हा कळलं, पट्टा मारायचा नव्हता, कुत्र्याच्या छातीला मापाला लावून बघायचा होता.

ताई शाळेची बस चालवते. रोज सकाळी सीटचा एकेक पट्टा पाय रोवून दोनदा हिसडून बघते, मगच चावी फिरवते. आणि घरची गाडी? वडिलांची जुनी काळी गाडी, त्या काळी पट्टे नसायचेच. गेल्या रविवारी समोर सायकल आडवी आली, ताईने ब्रेक दाबला आणि मागच्या सीटवरचे साहेब, म्हणजे तिचा कुत्रा, धाडकन खाली आदळले. पाय असा लचकला की तेव्हापासून गाडी दिसली की साहेब पसार. ताईचं डोकं जे तापलं ते तापलंच. दुसऱ्यांच्या पोरांना बांधून नेते आणि आपल्या लेकराला मोकळं सोडलं!

पट्टा बसवायला तिने गाडी थेट मिस्त्रीकडे आणली. पण गाडी दोघा भावंडांची. भाऊ ती प्रदर्शनांत मिरवायचा, मऊ फडक्याने पुसायचा. वहिनीकडे इतक्या प्रेमाने बघितलं असतं तर संसार केवढा फुलला असता!

"पट्ट्यासाठी भोक पाडायचं नाही," भाऊ म्हणाला. "मूळ पत्रा आहे तो. कारखान्यातून आला तसा."

"साहेबांचा पायही मूळचाच आहे!"

"ओरडू नकोस. मी बसवतो ना पट्टा, भोक न पाडता."

आणि बसवला की शहाण्याने! सीटखालच्या स्प्रिंगला अडकवून, वर कापड सारखं करून मोकळा. "बघ, कळतसुद्धा नाही."

ताईने पाय रोवले. पहिला हिसडा, कुरकुर. दुसऱ्या हिसड्याला अख्खी सीट उखडून आली आणि ताई सीटसकट फरशीवर! जुन्या गाडीची सीट ती, नुसती खाचेत ठेवलेली. भाऊ फिदीफिदी हसला.

"दात काढतोस?" ताई पडल्या पडल्या कडाडली. "हीच सीट उद्या साहेबांच्या उरावर बसली असती! मठ्ठ कुठला!"

मिस्त्री तोवर आत वाकला होता. "भाऊ, जरा इकडे बघता?"

सीटखाली मधोमध पत्रा गंजून गेलेला, आणि त्यावर ठोकलेलं ठिगळ. तेलाच्या डब्याचं! वर अर्धं सूर्यफूलसुद्धा शाबूत. वडिलांचीच कारागिरी.

"कारखान्यातून आली तशीच का रे?" ताईने विचारलं. "फुलासकट?"

भाऊ फडक्याने सूर्यफूल पुसायला लागला.

मिस्त्रीने सगळीकडे ठोकून पाहिलं. पत्रा धड होता तो फक्त मागच्या उजव्या खिडकीपाशी. तिथे भोक पाडलं, खालून जाड पोलादी पट्टी लावली, बोल्ट आवळला. ताईने दोनदा हिसडलं. गाडी हलली, पट्टा नाही. मग सीट जागेवर ठेवून साहेबांना उचलून आत आणलं आणि त्यांच्या छातीचा पट्टा त्यात अडकवला. साहेबांनी हुंगून पाहिलं, बूड टेकलं आणि थाटात मुंडकं बाहेर काढलं.

"ए, ती माझी खिडकी आहे!" भाऊ खेकसला. "लहानपणापासून!"

"दुसऱ्या बाजूला बस."

"तिकडची काच खाली होत नाही. घामाघूम होतो मी."

"मिस्त्री," ताई म्हणाली, "तिकडचं हँडल बदलून देता?"

"कशाला बदलायचं?" भाऊ सवयीने ओरडला. "मूळ हँडल आहे ते!"

"मग बस घाम पुसत," ताई म्हणाली आणि चावी फिरवली.