अक्का ज्याला कडी वाजवून बोलवत

आमच्या गल्लीत जन्मलेल्या एकाही मुलाचं नाव समोरच्या अक्कांच्या परवानगीशिवाय ठेवलं गेलं नाही. आईबापांनी हौसेनं नाव शोधावं, आजीनं गावाहून कळवावं, भटजींनी पत्रिका पाहून अक्षर काढून द्यावं, आणि अखेर अक्कांनी तोंडातलं पान गालात सारून 'सरी' म्हणावं, तेव्हा कुठं ते नाव त्या मुलाला लागायचं. सरी म्हणजे ठीक. बंगळूरात सगळेच म्हणतात, पण अक्का म्हणाल्या की त्यावर शिक्का बसायचा.

राजाजीनगर तेव्हा नवं वसत होतं. सातारा, मिरज, सोलापूर अशा ठिकाणांहून कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेली आमची चार-सहा बिऱ्हाडं गल्लीत होती, बाकीचे कानडी शेजारी. अक्का आणि त्यांचे यजमान मात्र इथलेच. घरं बांधली जाण्याआधी तिथं त्यांची नारळाची बाग होती. बाग गेली, दोन माड आणि एक लाकडी फाटक उरलं. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं. "आमचे लोक घोड्यावरून आले गे," त्या आम्हाला ऐकवायच्या, "तुम्ही तिकीट काढून आलात." त्यांच्या मराठीत निम्मे शब्द कानडी असत, आणि आमची मराठी त्यांना अशुद्ध वाटे. ती सुधारण्याचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं.

नाव नसलेली वस्तू अक्कांना सहन होत नसे. माडांपैकी एक थोरली आणि एक धाकटी. गवळी सकाळी दारात गाय आणून दूध काढून द्यायचा. त्याच्या दोन्ही गायींना त्यानं कधी नावं ठेवली नव्हती, ती अक्कांनी ठेवली. नावानं हाक मारली की गाय पाव शेर जास्त दूध देते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि रोज सकाळी भांडं हातात धरून त्या गायीशी इतकं बोलायच्या की गवळी बिचारा धार काढायची सोडून ऐकत बसायचा. पुढे पुढे तो दुसऱ्या गल्लीतही गायींना त्याच नावांनी हाका मारू लागला. हे अक्कांना कळलं तेव्हा त्यांना एखाद्या मुलीला चांगलं स्थळ मिळाल्यासारखा आनंद झाला.

पण त्यांचं खरं राज्य बारशाचं. बारशाला कानात नाव सांगायला आत्या लागते, आणि आमच्या सगळ्यांच्या नणंदा राहिल्या गावाकडे. तेव्हा अक्का सर्वांची आत्या. आत्यानं कानात नाव सांगितलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ही रीत तुम्हाला माहीत असेलच. आमच्या गल्लीतल्या बायकांना वर्षभराचा राग काढायला तेवढीच एक जागा होती. अक्का तयारीनं यायच्या. पदराच्या चार-पाच घड्या पाठीवर घालून, वर टॉवेल खोचून, चांगल्या गादीसारखी पाठ करून त्या पाळण्याशी बसायच्या. नाव सांगून झालं की अशा खणखणीत आवाजात जाहीर करायच्या की बाहेर पानसुपारी खात बसलेल्या पुरुषांनाही वेगळं सांगावं लागत नसे.

तो आवाज रोज दिवेलागणीला कामाला यायचा. फाटकाच्या खालच्या आडव्या फळीवर पाय ठेवून अक्का उभ्या राहत आणि गल्लीतल्या साऱ्या मुलांना एकेक करून हाक मारत. थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, क्रम कधी चुकला नाही. कारखान्याचा भोंगा एखादे दिवशी उशिरा व्हायचा, अक्का नाही. आम्ही आयांनी दारात यायचीसुद्धा गरज नव्हती. मला तर ते फार सोयीचं वाटे, कारण मोठ्यानं बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. भाजीवाल्याला भाव विचारायचा तरी अक्काच माझ्या वतीनं विचारायच्या, आणि मग माझ्या वतीनं भांडायच्याही.

या हाकेपायीच त्यांचा तो नियम होता. गल्लीत एका नावाची दोन मुलं चालायची नाहीत. एकदा कोपऱ्यावरच्या घरी सुरेश असताना आमच्या शेजाऱ्यांनी आपल्या मुलाचंही नाव सुरेश ठरवलं. अक्का सकाळच्या कॉफीला त्यांच्याकडे गेल्या आणि दुपारच्या जेवणापर्यंत उठल्याच नाहीत. एका हाकेला दोघं आले तर आत कुणाला घ्यायचं, आणि दोघांनाही दुसऱ्यालाच बोलावलंय असं वाटून एकही आला नाही तर काय, असं त्या परत परत विचारत राहिल्या. जेवणानंतर त्या मुलाचं नाव रमेश झालं. आम्ही त्यावर पोट धरून हसलो होतो.

अक्कांच्या घरी मूल दिसत नसे, आणि मी विचारणाऱ्यातली नव्हे. लग्न होऊन आले त्याच वर्षी थंडीत आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर पावटे सोलत बसलो होतो. इथे त्या दिवसांत घरोघरी पावटे सोलतात, भिजवून पुन्हा एकेक दाणा चिमटीनं सालातून काढतात, आणि हात गुंतलेले असले की माणूस बोलतं. अक्कांनी वर न बघता सांगितलं, की त्यांना मुकुंद होता. सहा वर्षांचा. नुकताच शाळेत घातला होता. या फाटकावर उभा राहून झोके घ्यायचा. ताप आला. "सरी," असं म्हणून त्यांनी सालांची पाटी उचलली. त्यानंतर ते नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. मीही घेतलं नाही, पण त्याला आणखी एक कारण होतं. माझ्या सासऱ्यांचं नाव तेच. सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं.

मला दिवस गेले आणि त्याच सुमारास सासरे वारले. आई माझ्या लहानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपण इथेच ठरलं. मुलगा झाला. सासूबाईंनी गावाहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर चांदीचे वाळे पाठवले आणि निरोप सांगितला, की माझा माणूस परत आला, त्याला त्याच्याच नावानं हाक मारा. मी यांना विचारलं, दुसरं काही नाव नाही का ठेवता येणार. यांनी वाळे पुन्हा कापडात गुंडाळले. मग म्हणाले, "आईला काय सांगू?" त्यांना बाप नव्हता, माझ्या सासूला नवरा नव्हता आणि समोरच्या घरात मुलगा नव्हता. एकच नाव होतं आणि ते तिघांना हवं होतं.

बारशाच्या आधी अक्कांना सांगायला हवं होतं. नाव कानात सांगायचं त्यांनीच. मी बाळाला घेऊन दोनदा त्यांच्याकडे गेले आणि दोन्ही वेळा कढीपत्ता मागून परत आले. आमच्याकडे इतका कढीपत्ता साठला की यांनी विचारलं, कुणाच्या लग्नाचा स्वयंपाक आहे का. शेवटी गेले तेव्हा अक्का विळीवर नारळ खवत होत्या. मी दाराशीच उभी राहिले. "अक्का, माझ्या सासऱ्यांचं नाव ठेवायचं म्हणतात."

"चांगलं आहे. काय नाव?"

मला ते घेता येईना. त्या वाट बघत होत्या. मी म्हणाले, "तुमच्या घरातलंच आहे."

खवण्याचा आवाज थांबला. करवंटी हातात धरून त्या नुसत्या बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, नियम त्यांचाच होता आणि मी तो मोडत होते. पण त्या रागावल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "आता कुणी हाक मारली की हा ओ देणार. मग आमच्या त्यानं काय करायचं गे?"

त्यांनी उरलेला नारळ खवून संपवला. मग उठून परड्यात गेल्या आणि मी न मागता कढीपत्त्याचा एक मोठा डहाळा माझ्या हातात दिला. "बारशाला येते," म्हणाल्या.

आल्या. पण पाठीवर घड्या नव्हत्या. साधा पदर घेऊन आल्या आणि पाळण्याशी बसल्या. बाळाच्या कानाशी वाकल्या त्या कितीतरी वेळ वाकलेल्याच. बायका हसायला लागल्या, अक्का गोष्ट सांगतायत की काय म्हणून. सरळ झाल्यावर त्या नेहमीसारखं जाहीर करतील म्हणून सगळ्या कान टवकारून होत्या. अक्का म्हणाल्या, "झालं." कुणीतरी विचारलं, नाव काय. "ज्याला सांगायचं त्याला सांगितलंय. त्याला विचारा." मग धपाटे सुरू झाले. घड्या नाहीत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "स्वल्प हळू मारा गे," आणि सगळ्यांना ते खरं वाटलं. बायका घुगऱ्या घेऊन नाव न कळताच घरी गेल्या. यांनी बाहेर पुरुषांना सांगितलं होतं, रात्री जेवताना आपापल्या नवऱ्यांकडून त्यांना ते कळलं.

अशा तऱ्हेनं ज्या दोघींनी त्या मुलाला वाढवलं, त्या दोघींनाही त्याचं नाव घेता येत नव्हतं. मी त्याला बाळ म्हणे. अक्का पुट्टा म्हणत. कानडीत लहानग्याला तसं म्हणतात, गल्लीतले निम्मे लोक तेच म्हणू लागले. तो चालायला लागला तो थेट समोरच्या घरी. अक्कांनी त्याला काय दिलं नाही? माडाखाली पडलेल्या झावळीची गाडी, ताकातला भात, गायींशी बोलायची कला. फक्त दिवेलागणीची हाक दिली नाही. फळीवर उभ्या राहून त्या थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना बोलवत, आणि शेवटी आमचा राहिला की तोंड मिटून फाटकाची लोखंडी कडी आपटत. खण्ण. तेवढ्यावर तो कुठूनही धावत यायचा. नवीन आलेली माणसं विचारायची, या मुलाला कडी वाजवून का बोलवतात. मुलं सांगायची, त्याचं नावच तसं आहे.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा यांची सकाळची पाळी होती. मी एकटी कसली जाते. अक्का माझ्याबरोबर आल्या, जरीकाठाचं लुगडं नेसून. हेडमास्तर चांगले वयस्क होते, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी कानडीत मुलाला नाव विचारलं. तो म्हणाला, पुट्टा. ते हसले, आणि खरं नाव काय म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्का छताकडे बघत होत्या. हेडमास्तरांनी टाक दौतीत बुडवला, झटकला, पुन्हा बुडवला. मग म्हणाले, "नाव घरी विसरलात का? जाऊन घेऊन या, मी बसतो." मागच्या बाकावरच्या बायका फिसकन हसल्या. बाळ आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटत असावं, आपल्याला नावच नाही.

ते अक्कांना दिसलं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मुकुंद." मोठ्यानं नाही, साधंच. जणू घरातल्या घरात कुणाला तरी सांगितलं.

हेडमास्तरांनी लिहून घेतलं आणि बापाचं नाव विचारलं. आता नवऱ्याचं नाव मी कसं घेणार? अक्का माझ्याकडे वळल्या. "मी घेतलं ना? आता तू घे." मी घेतलं. मलासुद्धा ऐकू आलं नाही. मग अक्कांनी ते फाटकावरच्या आवाजात घेतलं, तेव्हा शेजारच्या वर्गातली मुलंही गप्प झाली.

परत येताना बाळ मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. त्यानं विचारलं, "अक्का, मुकुंद कोण?"

"तू," अक्का म्हणाल्या. चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, "तूही."

त्या संध्याकाळी मी खिडकीशी उभी होते. अक्कांनी सगळ्यांना हाका मारल्या आणि कडीवर हात ठेवला. तो तसाच राहिला. मग त्यांनी हाक मारली, "मुकुंदा", शेवटचं अक्षर लांबवत, इतकी लांब की ती गल्लीच्या पार टोकाला जाऊन आली असेल. आमचा बाळ धावत आला आणि त्यांच्या कमरेला बिलगला. अक्कांनी त्याला धरलं, पण बघत होत्या त्याच्या मागे, रिकाम्या रस्त्याकडे. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग वाकून त्याच्या पायांची धूळ पदरानं पुसली. पुढे रोज हाक मारत, आणि रोज तेवढा वेळ थांबत. फाटकाला कडी मात्र त्या दिवसापासून लावली नाही.

मुकुंद पाचवीत असताना, पावट्यांच्या दिवसांतच, अक्का गेल्या. त्यांचे यजमान आनेकलला पुतण्याकडे राहायला गेले. त्या आठवड्यात संध्याकाळी मुलं घरी येईनात. त्यांना वेळ झाल्याचं कळत नव्हतं. अंधार पडला तरी रस्त्यावर खेळत राहायची, आणि मग एकेक आई कंदील घेऊन शोधायला निघायची.

एके दिवशी मी रस्ता ओलांडला. फाटकाच्या खालच्या फळीवर पाय ठेवला. सासूबाई तेव्हा हयात होत्या, त्यांना कळलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे. मी नाव घेऊन हाक मारली. अर्धी घशातच राहिली, पण मुकुंद जवळच होता, तो आला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या मागच्या रस्त्याकडे थोडा वेळ बघत उभी राहिले. आता तिथे अक्का धरून दोघं होती, म्हणून जरा जास्तच थांबले. मग आम्ही घरी आलो. फाटक उघडंच ठेवलं.