कौसल्याबाईंची पारख

भिगवणला मासळीचा धंदा करणाऱ्या कौसल्याबाई कल्ला उचलून आतला लाल रंग बघितल्याशिवाय मासा घेत नाहीत, मग विकणारा सख्खा भाऊ का असेना. आणि एकाच टोपलीला आधी 'कालची' आणि मग 'ताजी' म्हणणाऱ्याला तर त्या पुन्हा दारात उभं करत नाहीत.

त्यांच्या बिलाच्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकायला बारामतीहून ऋषिराज आला. नव्या विंडोजला आत सुरक्षेची एक चिप लागते, म्हणून त्याने आधी तपासणी लावली. स्क्रीनवर आलं, 'चिप सापडली नाही.'

"डबा उघड. मला बगू दे," बाई म्हणाल्या.

"मावशी, ती प्रोसेसरच्या आतच असते, डोळ्यांना दिसत नाही. सेटिंगमध्ये बंद असेल."

त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, सेटिंग बदललं आणि पुन्हा तपासलं. आता आलं, 'चिप आहे.'

ऋषिराज खूश झाला. "टाकू ना मग नवीन?"

कौसल्याबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"ह्यो मगाशी न्हाय म्हनला, आता हाय म्हनतोय. उचल ह्याला हितनं."