दुसरी हाक

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ओंकारला नाही. आणि ओंकार माझा रूममेट आहे, त्याला मी काय काय सांगून बसलोय ते ऐकलं तर तुम्ही इथेच वाचणं बंद कराल. पण हे नाही. सुरुवात केली होती एकदोनदा. मग मध्येच एक जोक मारला, तो हसला, विषय गेला. ते मला फार चांगलं जमतं.

आज जोक नाही मारायचा. बघू.

मी नकला करतो. म्हणजे पोटापाण्यासाठी नाही. पोटापाण्यासाठी मी इथे पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात मास्टर्स करतो आणि युनिव्हर्सिटीच्या डायनिंग हॉलमध्ये भांडी घासतो. पण नकला पुसदच्या शाळेपासून. दाराबाहेरून हेडसरांचा आवाज काढला की अख्खा वर्ग खाडकन उभा राहायचा. गॅदरिंगला माझा आयटम मुद्दाम शेवटी ठेवायचे, नाहीतर पब्लिक उठून जायची. इथे आलो तरी तेच — ओहायोत, डब्लिनला भीमजयंतीचा कार्यक्रम होता, तिथे मी स्टेजवरून तिथल्याच काका लोकांच्या नकला केल्या. काका लोक डोळे पुसत होते हसून. तुमचाही आवाज काढेन मी. पाच मिनिटं बोला माझ्याशी फक्त.

लोक विचारतात, कसं करतोस? सोपं आहे. आवाज धरायचाच नाही. आवाजात कुठे काय मोडलंय ते धरायचं. प्रत्येकाचं कुठेतरी मोडलेलं असतं — कोणाचा श्वास चुकतो, कोणी शब्दाच्या आधी थुंकी गिळतं. ते एकदा सापडलं की माणूस आपल्या घशात येऊन बसतो. आणि मग जात नाही, हे कोणी विचारत नाही म्हणून मी सांगत नाही.

तर, ॲरिझोना.

आयडिया रियाची. रिया त्या डब्लिनच्या एका काकांची मुलगी, जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. तिला स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत कॅसिनो नको, रिसॉर्ट नको. तिकडे वाळवंटात तिथल्या मूळ लोकांचं एक कुटुंब आपल्याच जमिनीवर कॅम्प चालवतं, त्यांच्याकडे राहायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं, ते दाखवतील ते बघायचं, नाही दाखवणार ते नाही बघायचं. त्यांच्या जमातीचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांचं एवढं तरी माझ्यापासून वाचू दे.

बुकिंग फोनवरच. ते काम माझ्याकडे. फोन लावला की कोणी उचलायचं नाही, आन्सरिंग मशीन लागायचं. एका माणसाचा आवाज. “हेलोओ...” मग एक बारीक खोकला, आणि परत, थोडं खाली उतरून, “हेलोओ.” जणू पहिलं हेलो आपल्याला, दुसरं आपल्या मागे उभ्या असलेल्या कोणाला तरी. मग म्हणायचा, पाणी भरपूर आणा, जाड सोलचे शूज आणा, आणि घाई करू नका — आम्ही कुठे जात नाही आहोत.

त्या खोकल्यात सगळं होतं. मी रूममध्ये पहिल्यांदा काढला तेव्हा ओंकार किचनमधून पळत आला. “ए पुसद, स्पीकरवर ठेवलायस का?” पुण्याचा आहे तो, मला गावाच्या नावानेच हाक मारतो. नंतर आम्हाला डार्लीन नावाच्या बाईचा फोन आला आणि बुकिंग झालं, पण तोपर्यंत तो फोनवाला माणूस माझ्या घशात फिट्ट बसला होता. फिनिक्सपासून भाड्याच्या गाडीत अख्खा रस्ता मी तोच. पेट्रोल पंपावर तो, बर्गर मागतानाही तो. रियासुद्धा हसली. “ओके, स्टॉप, आय कान्ट ब्रीद.”

आता बघा — इथपर्यंत माझं काही चुकलं का? मी हे स्वतःला किती वेळा विचारलंय. इथपर्यंत नाही. इथपर्यंतचीच गोष्ट सांगता आली असती तर किती बरं.

डार्लीन पन्नाशीची असेल. जीन्स, मोठी टोपी, आणि हसली तरी तोंड उघडायची नाही. मी तिला मावशी म्हणालो, अर्थ सांगितला, तिला आवडलं. तिच्या आईला मी आजी म्हणालो. आजी जवळजवळ आंधळी. शेळ्या मात्र तिच्याच. घंटा ऐकून ती सांगायची कुठली शेळी कुठे गेलीय. इंग्लिश तिला येत नव्हतं, का बोलायचं नव्हतं, माहीत नाही. माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मी काहीतरी बडबडत होतो, आणि ती मान तिरकी करून, कान माझ्याकडे करून उभी.

मग डार्लीनने नियम सांगितले. समोरच्या टेकडीचा फोटो नाही. दगड उचलून खिशात टाकायचा नाही. घळीत शीळ नाही, आरडाओरडा नाही. आणि शेवटचा, जमिनीकडे बघत — ही टूर आधी माझा भाऊ न्यायचा. तो गेल्या हिवाळ्याआधी गेला. आमच्या घरात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. हाक मारली तर तो वळून बघतो, मग त्याची पुढची वाट मोडते. म्हणून कृपा करून विचारू नका.

रियाने माझ्याकडे बघितलं. ओंकारने बुटांकडे. आम्हाला तिघांनाही कळलं, तो फोनवाला कोण ते.

आणि मला अजून एक कळलं. यांना माहीतच नाहीये. आपल्याच नंबरवर आपण कधी फोन करतो का? मशीनवर त्याचा आवाज अजून आहे, आणि तो फक्त आमच्यासारख्या परक्यांनाच ऐकू येतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. डार्लीनला बाजूला घेऊन, एक वाक्य. पण मी म्हटलं, कशाला यार, बिचारीचा मूड जाईल. तंबूत गेल्यावर रिया म्हणाली, “दॅट व्हॉइस. नेव्हर अगेन. प्रॉमिस मी.” मी प्रॉमिस केलं. माझ्या आवाजात केलं, अगदी.

दुसऱ्या दिवशी दुपार उतरल्यावर डार्लीन आम्हाला घळीत घेऊन गेली. वर जायची वाट पलीकडून होती. ती, ओंकार, रिया पुढे. माझ्या बुटात खडा गेला म्हणून मी मागे राहिलो. वळणाआड ते पार लांब गेले, त्यांचे आवाजही ऐकू येईनात, आणि मग — तुम्ही कधी अशी शांतता ऐकली आहे? इथे बर्फ पडल्यावर पण बस येतेच कुठूनतरी. तिथे काहीच नाही. दोन्ही बाजूंना लाल भिंती, वर पट्टीएवढं आभाळ, आणि माझ्या नाकातून श्वास जातोय तो भिंतीवरून परत येतोय.

नकलाकाराला असली जागा म्हणजे काय असते सांगू? एवढा मोठा माइक, आणि मी एकटा. कोणाला हसवायचं नव्हतं. मला फक्त ऐकायचं होतं — इथे तो कसा वाजेल. इथेच तर वाजला असेल तो आयुष्यभर.

मी काढला.

“हेलोओ...” खोकला. “हेलोओ.”

भिंतींनी तो घेतला, लांब नेला, परत आणला. इतका चांगला मी कधी काढला नव्हता. मी खूश झालो, हे लिहून ठेवतो. तेव्हा मी खूश झालो.

आणि वरून ओ आली.

एकच शब्द. म्हातारा आवाज, बारीक, मधेच फाटलेला. मग शेळीची घंटा. मी वर बघितलं तर कडा दिसत होता, त्यावर कोणी दिसत नव्हतं. पण मला कळलं. तिच्या शेळ्या तिकडे असतात हे मला सकाळीच कळलं होतं. शब्दाचा अर्थ मला माहीत नाही. पण असा शब्द कुठल्याही भाषेत एकाच माणसाला म्हणतात. माझी आई मोरीतून मला म्हणते ना, मी शाळेतून आल्यावर — तस्सा.

आमच्याकडे आई सांगायची, तिन्हीसांजेला कोणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर परत मारेल. दुसरी हाक आली, म्हणजे जिवंत आहे.

पहिली हाक मी नाकारू शकलो असतो. वारा म्हणाली असती ती. म्हातारपण म्हणाली असती. मी नुसता गप्प उभा राहिलो असतो तरी पुरलं असतं.

मी दुसरी मारली.

का? ती घाबरेल म्हणून नाही, तिला बरं वाटेल म्हणूनही नाही. असलं काही सांगून मी स्वतःला पुष्कळदा झोपवलंय. खरं एवढंच की तिने ओ दिली होती. मी आवाज काढला आणि आईने तो आपल्या मुलाचा मानला — यापेक्षा मोठी टाळी मला आयुष्यात मिळालेली नाही. आणि टाळी मिळाली की मी परत करतो. या वेळी हळू, जवळून, जसा माणूस आईला उत्तर देतो तसा. खोकला पण टाकला.

वर घंटा वाजायची थांबली. शेळ्यासुद्धा. मी पळत सुटलो.

आम्ही कॅम्पवर पोचलो, डार्लीन चुलीशी रोट्या थापायला बसली आणि आजी आली. काठी न टेकता आली. तोंडावर — कसं सांगू — लग्नघरातल्या बाईसारखं तोंड होतं तिचं. ती भराभर बोलत होती आणि डार्लीनचे हात पिठात तसेच थांबले. मग तिने आमच्याकडे बघितलं, आणि सावकाश विचारलं, “घळीत तुमच्यापैकी कोणी ओरडलं का? रागावणार नाही. फक्त खरं सांगा.”

“नो,” मी म्हणालो. सगळ्यात आधी मीच म्हणालो.

“नक्की?”

“नथिंग. मी तर बुटातला खडा काढत होतो, मावशी.”

मावशी म्हणालो मी तिला. तेव्हासुद्धा.

डार्लीन म्हणाली, आई म्हणतेय पहिल्यांदा तिला वाटलं वारा असेल. पण तिने उत्तर दिलं आणि तो परत बोलला. वारा परत बोलत नाही. डार्लीन रडत नव्हती. ती घाबरली होती. गेलेल्याने हाक मारली तर एक वेळ चालतं, तिने सांगितलं, पण जिवंत माणसाने त्याला उत्तर द्यायचं नसतं. उत्तर दिलं की तो न्यायला येतो. किंवा माणूस स्वतःच त्याच्याकडे चालायला लागतो.

रिया माझ्याकडे बघत होती. तिने काही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. त्या ट्रिपनंतर तिने मला एकदाही फोन केलेला नाही. ओंकारला वाटतं आमचं काहीतरी होतं आणि तुटलं.

सकाळी डार्लीनने आम्हाला निघायला सांगितलं, फार अदबीने. घरात काही विधी करावे लागतील म्हणाली. गाडी वळताना मी मागे बघितलं. आजी कड्याच्या टोकाशी बसली होती, पाय खाली सोडून, तोंड घळीकडे. मान तशीच तिरकी.

नंतर मी त्या नंबरवर फोन करायचो. अधूनमधून. मशीन लागायचं, तो बोलायचा — घाई करू नका, आम्ही कुठे जात नाही आहोत — आणि मी ठेवून द्यायचो. एकदा डार्लीननेच उचलला. मी काय केलं असेल? आवाज बदलला. टेक्सासचा एक गोरा म्हातारा झालो आणि कॅम्पचं बुकिंग आहे का विचारलं. ती म्हणाली, कॅम्प बंद केलाय. माझ्या आईबरोबर संध्याकाळी कोणीतरी लागतं. ती कड्यावरून उठायला तयार नसते.

“सॉरी टू हिअर दॅट, मॅम,” टेक्सासचा म्हातारा म्हणाला. फार चांगला म्हणाला.

त्या फोनवरच सांगता आलं असतं. तो मी होतो, मावशी. तुमचा भाऊ कुठेही वळलेला नाही. त्याला जाऊ द्या, आईला घरात घ्या. एवढंच. तिची वाट पाहणं त्याच संध्याकाळी संपलं असतं.

गेल्या महिन्यापासून तो नंबर बंद आहे. मशीन नाही, काही नाही, कंपनीची बाई बोलते. म्हणजे मशीनवरचाही तो गेला. पत्ता माझ्याकडे आहे. जाता येतं, विमान आहे, गाडी मिळते. मी गेलेलो नाही.

नकला आता कोणी मागे लागल्याशिवाय करत नाही. पण तो आवाज मला काढावा लागत नाही. डायनिंग हॉलमध्ये संध्याकाळची ट्रॉली येते, नळ सुरू असतो, वाफेत समोरचं दिसत नाही — आणि खोकला येतो. माझा नाही, त्याचा. मी दात आवळून धरतो. एकदा सुटला. पलीकडे प्लेटा लावणारी मुलगी म्हणाली, कोणाला हाक मारतोयस?

कड्याच्या टोकाशी ती अजून बसत असेल तर तिचा मुलगा इथे आहे, पेनसिल्व्हेनियात, कोपरापर्यंत साबणात हात घालून. त्याला तिची ओ ऐकू आली होती.