पाचटाची खाज

बिभीषण ऊस जमिनीला घासून तोडायचा. बुडखा राहिलाच तर मागे फिरून पुन्हा कोयता घालायचा. साखर बुडाला असते; वरून तोडला तर ती तोड कसली? त्याच्यामागे सुरेखा उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, वाढ्यांनी, मोळ्या बांधत जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक बसला की दुसराही बसला.

तिसगावकडच्या या जोडप्याचं एक दुखणं ऊसतोडीच्या टोळीला माहीत नव्हतं. बिभीषणला शौचातून रक्त जायचं. आधी उष्णता म्हणून सब्जा झाला, मग मूळव्याध म्हणून झाडपाला. शेवटी नगरच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. मोठ्या आतड्याला आतून जखमा होत्या. गोळ्यांनी रक्त थांबलं. पण दिवाळीच्या तोंडावर बाईंनी पुन्हा रक्ताची तपासणी केली आणि कागद दोनदा वाचला.

"रोगाशी लढायला शरीर रक्तात प्रतिपिंडं तयार करतं," त्या म्हणाल्या. "यांच्या रक्तातली काही यांच्याच पेशींवर उठली आहेत."

"म्हंजी आपल्याच टोळीतला आपल्यावर कोयता उगारतोय," बिभीषण हसला.

बाई हसल्या नाहीत. "तेवढ्यावरून काही ठरत नाही. पण यकृताचे आकडेही चढलेत. या आजारात काहींच्या पित्ताच्या नळ्या आक्रसत जातात. स्कॅन करायचा. तोवर अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी यायचं."

स्कॅनच्या आधीच टोळीचा ट्रॅक्टर श्रीगोंद्याला निघाला. "आल्यावर करू," बिभीषण म्हणाला. सुरेखानं गोळ्या पिठाच्या डब्यात जपून ठेवल्या.

उसाच्या फडात तो खाजवू लागला. पण तिथं कोण खाजवत नव्हतं? पाचटाची, उसाच्या वाळल्या पानांची, बारीक कूस मानेत, काखेत, पोटावर शिरते. सुरेखा मोळी सोडून त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा शेजारच्या कोपीतली, झोपडीतली, राहीबाई म्हणाली, "अगं, ज्याला खाज न्हाई त्यानं कामच न्हाई केलं. माझी पाठ बघ, नकाशा झालाय!" दोघी हसल्या. सुरेखानं नवऱ्याच्या अंगाला खोबरेल चोळलं आणि मोळ्या बांधत राहिली.

मग साखर कारखाना दुरुस्तीसाठी बंद पडला आणि तोड थांबली. टोळीनं गरम पाण्यानं अंघोळी केल्या, कपडे उकळले. दुसऱ्या दिवशी कोप्यांपुढं सगळे उन्हात निवांत बसले होते. कुणाचाच हात अंगाला जात नव्हता.

बिभीषण एकटाच कोपीमागं बसून तळपाय दगडावर घासत होता. तळहातावरचा घट्टा तो कोयत्याच्या पाठीनं खरवडत होता.

तळपायाला कुठलं पाचट?

"अवो, इकडं बघा."

"काय हाय?"

"वर बघा. उजेडाकडं."

त्यानं पाहिलं. डोळ्यांचं पांढरं हळदीच्या पाण्यासारखं झालं होतं.

टोळीचा मुकादम सहादेव रस्त्यात आडवा आला. "कोयता मोडून कुठं निगाली? उद्या कारखाना सुरू व्हईल."

"मोडला, भाऊ," सुरेखा म्हणाली आणि नवऱ्याला धरून एसटीच्या रस्त्याला लागली.

नगरला डॉक्टरीणबाईंनी त्याची पापणी ओढून पाहिली. बरगडीखाली बोटं दाबली. मग सुरेखाकडे वळल्या.

"खाज कधीपासून?"

सुरेखाला फड आठवला, खाजवणारे सगळे हात आठवले. त्यांतला त्याचा हात कधी वेगळा झाला, ते तिला सापडेना.

"सगळ्यांना सुटली तवापासून."

बाईंनी नर्सला चाकाची खुर्ची आणायला सांगितलं.

"मी चालतो की," बिभीषण म्हणाला.

खुर्ची आली, तसं सुरेखानं त्याला दंडाला धरून तीत बसवलं.