उजेडाकडची जागा

तिने बसवलेल्या दातांनी अर्धं शहर जेवत असेल, पण रस्त्यात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे. मग ती मेणाच्या गुलाबी पट्टीवर एकेक दात बसवायची, आणि पंधरवड्यात कुठल्यातरी आजोबांना पुन्हा भाकरीचा तुकडा तोडता यायचा. तेवीस वर्षं हेच काम. प्रयोगशाळेत सगळे तिला कवळीमावशी म्हणत. घरी नवरा म्हणायचा, "लोकांना दात देतेस आणि मला दाखवतेस."

तिची एक खोड सगळ्यांना माहीत होती. कवळी तयार झाली की तळहातावर घेऊन ती जिन्याच्या वळणावर जायची आणि तिथल्या झरोक्याखाली दातांचा रंग पारखायची. तिच्या टेबलावर दिवसाचा उजेड येतच नव्हता. जुने साचे ठेवायचं उंच लोखंडी कपाट तिच्या आणि खिडकीच्या मधोमध उभं होतं. ट्यूबलाइटखाली पिवळा दातही निळसर दिसतो, म्हणून ही वारी.

"निघाल्या मावशी, कवळीला हवा खायला घेऊन!" दात भाजणारा भट्टीवाला ओरडायचा.

"तुझी बत्तिशी पण दे, फिरवून आणते," ती म्हणायची.

कपाट तिथे का, असं कुणी विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं असे. पलीकडे प्लास्टर कालवतात, मेणावर धूळ बसते. अकरा वर्षं हे उत्तर चाललं.

मग नवी मुलगी आली. एकेका दाताला रंगाचे थर द्यायचं तिचं काम, आणि नजर अशी की दोन दातांमधला केसाएवढा फरक ती उभ्याउभ्या सांगायची. आल्या आल्या तिने आपलं टेबल ओढून खिडकीशी नेलं. रंगाचं काम उजेडाशिवाय कसं व्हायचं? समोर सात-आठ हातांवर प्लास्टरवाल्याचा ओटा होता. तीन महिन्यांनी तिने मालकीणबाईंच्या टेबलावर एक कागद ठेवला. प्लास्टरवाले काका सतत टक लावून बघतात, मला काम करणं कठीण झालं आहे, असं त्यात सरळ लिहिलं होतं.

पाण्याच्या नळाजवळ भिंतीवर तक्रार समितीची चौकट टांगलेली होती. मालकीणबाई, बाहेरच्या एक वकीलबाई आणि तिसरं नाव कवळीमावशीचं. "नुसतं नाव हवंय हो," असं म्हणून सहा वर्षांपूर्वी मालकीणबाईंनी ते घातलं होतं. तेव्हापासून मावशीने त्या चौकटीवरची धूळ पुसली होती, बाकी काही करायची वेळ आली नव्हती.

डब्याच्या सुट्टीत तिने मुलीला जिन्यात गाठलं.

"लिहून कशाला दिलंस गं? आधी मला सांगायचंस."

"सांगितलं होतं, मावशी. दुसऱ्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, कपाटाच्या अलीकडे ये, माझ्या शेजारी बस."

"मग, वाईट सांगितलं का?"

"उजेड पलीकडे आहे."

मावशीने विचारलं, "करतात काय ते नक्की?"

"बघतात. मान खाली घातली की मानेकडे. मी उठले की त्यांचे डोळे उठतात, मला नळापर्यंत पोचवतात आणि परत आणून बसवतात. एकदा मी विचारलं, काका, काही हवंय का? हसले. म्हणाले, नाही, चालू दे तुझं."

मुलीच्या डब्याशेजारी पाण्याची बाटली होती. दुपार झाली तरी गळ्यापर्यंत भरलेली.

"पाणी नाही पीत?"

"प्यायलं की जावं लागतं. त्यांच्या समोरून."

मावशीने हातातला घास डब्यात परत ठेवला. अकरा वर्षांपूर्वी तिला लघवीची जळजळ सुरू झाली होती. बाई, पाणी का पीत नाही, म्हणून डॉक्टर ओरडले होते आणि ती म्हणाली होती, कामाच्या नादात लक्षात राहत नाही.

संध्याकाळी घरी नवरा कमरेला पट्टा बांधून वाटाणे सोलत बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं, स्वतःचं सोडून.

"नजरेला काय नखं असतात?" तो म्हणाला. "आणि तो माणूस? माझी कंबर धरली तेव्हा दोन दिवस उशाशी बसला होता. माझा सख्खा भाऊ आला नाही."

"माहीत आहे मला."

"मग एवढा विचार कसला करतेस?"

"तुमच्या उशाशी बसला तेव्हा चांगलाच होता तो. त्यात खोटं काही नाही."

"मग?"

"मग काही नाही. वाटाणे बघून सोला. मघाशी अळी टाकलीत भांड्यात."

भांडी घासताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. या मुलीचं खरं धरलं, तर आपलं काय होतं? रोज त्याच्या हातचा चहा घेतला, त्याच्या मुलीच्या लग्नात मिरवलो. आता बोललो तर लोक म्हणतील, अकरा वर्षं तोंडात कवळी बसवली होती का? न बोलावं, तर मुलगी जाणार. मालकीणबाईंनी ते स्पष्टच सांगितलं होतं: समितीने यात काही नाही असं म्हटलं, तर हिने कपाटाआड बसावं, नाहीतर दुसरीकडे बघावं.

तिसऱ्या दिवशी वकीलबाई आल्या. मुलीच्या स्टुलावर बसून त्यांनी समोर पाहिलं. प्लास्टरवाला हात धुऊन, इस्त्रीच्या शर्टात उभा होता. छप्पन्न वर्षांचा, मऊ बोलणारा माणूस.

"सतत बघता हिच्याकडे?"

"समोरच बसते, बाई. डोळे मिटून प्लास्टर कालवू का?"

मालकीणबाईंना हसू आलं. वकीलबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "येताजाता नजर पडणं वेगळं. नको असताना पुन्हा पुन्हा रोखून बघणं, त्याने दुसऱ्याचं काम अडणं, ते वेगळं. इथे कुठलं आहे, ते ठरवायचंय. कुणी पाहिलंय?"

भट्टीवाला भट्टीत डोकं घालून बसला. त्याचं तोंड भिंतीकडेच असायचं.

"मी म्हणते," मालकीणबाईंनी वाट काढली, "वाद नकोच. हिचं टेबल पण कपाटाआड ठेवू या. मावशी नाही का इतकी वर्षं सुखात बसल्या?"

मुलीने मावशीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वकीलबाईंचं पेन कागदावर थांबलं. समितीतल्या तिघींपैकी एकीचंच बोलणं राहिलं होतं.

प्लास्टरवाल्याला धीर आला. त्याने मावशीकडे हात केला. "वहिनींनाच विचारा की माझ्याबद्दल. हे कपाट इथे आणायचं म्हणाल्या, तेव्हा मी स्वतः खांदा लावून ढकललं. कशाला, काय, एक शब्द विचारला नाही."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. अकरा वर्षांत तिने त्याच्याकडे इतकं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "विचारलं नाहीत. तुम्हाला माहीत होतं."

मग तिने वकीलबाईंना सांगितलं,

"धुळीचं निमित्त होतं, बाई. कपाट मी यांच्यामुळे आणलं. मी तेव्हा यांच्या समोर बसायचे. उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं लावायची, पाणी प्यायची नाही. तेव्हा मला वाटायचं, हात लावत नाहीत, वेडंवाकडं बोलत नाहीत, मग तक्रार कशाची करायची? म्हणून कपाट आणलं. उजेड गेला, मी जिने चढले-उतरले, पण नजर थांबली."

"अहो वहिनी, असं काय बोलता! इतकी वर्षं..."

"हो, इतकी वर्षं. माझ्या नवऱ्यासाठी तुम्ही जे केलंत ते मी विसरलेली नाही. तेही लिहा हवं तर, बाई." ती वकीलबाईंकडे वळली. "तुम्ही विचारलंत, कुणी पाहिलंय. मी नाही पाहिलं, मला तिथून दिसत नाही. पण ऐकू येतं. रबरी वाडग्यात पळी फिरते ना, त्याची खरखर येते. ही जागेवरून उठली की ती खरखर थांबते. ही परत बसली की सुरू होते. भट्टीवाला दहा वेळा उठतो, तेव्हा थांबत नाही. तीन महिने ऐकतेय मी, आणि तीन महिने गप्प बसलेय."

"म्हणून हल्ली वाडग्यातच प्लास्टर घट्ट होतं!" भट्टीवाल्याच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याने पुन्हा डोकं भट्टीत घातलं.

वकीलबाईंनी विचारलं, "मग तुमचं मत काय लिहू?"

"छळ लिहा," मावशी म्हणाली. "आणि आता कुणी कपाटाआड जायचं नाही."

तसंच लिहिलं गेलं. त्याला लेखी ताकीद मिळाली आणि त्याचा ओटा मागच्या खोलीत, दाराआड गेला. ओटा हलवताना तो कुणाशी बोलला नाही. मावशीला त्याचं वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून काही तिने शब्द मागे घेतला नाही. घरी नवऱ्याला तिने उरलेली गोष्ट सांगितली. तो बराच वेळ कमरेचा पट्टा सोडत-बांधत राहिला. मग म्हणाला, "मला सांगायचंस." ती म्हणाली, "सांगितलं असतं, तर नखांचं विचारलं असतंत."

शनिवारी मुलगी, भट्टीवाला आणि तिने मिळून कपाट भिंतीला लावलं. खाली अकरा वर्षांची पांढरी धूळ निघाली.

"धूळ होती म्हणजे खरंच," भट्टीवाला म्हणाला.

"मी खोटं कधी बोलले?"

सोमवारी तिने कवळी संपवली, सवयीने तळहातावर घेतली आणि जिन्याकडे निघाली. दारातून परत फिरली. जागेवर बसून कवळी खिडकीकडे धरली, तर डावीकडचा सुळा जरा गडद दिसला. ट्यूबलाइटखाली बरोबर वाटला होता.

"एक नंबर फिका घ्या," पलीकडून मुलगी न विचारताच म्हणाली. तिची बाटली अर्धी झाली होती.

"दिसतंय मला," मावशी म्हणाली, आणि सुळा मेणातून उपटला.

मग तिला तहान लागली. मागच्या खोलीतून पळीची खरखर येत होती. ती उठली, सगळी खोली ओलांडून नळापर्यंत गेली, भांडं भरून तिथेच उभ्याने प्यायली, दुसरं भरून घेतलं आणि परत आली. खरखर थांबली नव्हती.