पिंकीला मी काय सांगू?

कम्युनिटीतल्या मित्रांनो, आत्ताच नाशिकरोड स्टेशनवरून आलोय.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात मला लेथ चालवायला शिकवणारे रामाशिषभाई आज बायको-मुलीला घेऊन कायमचे बिहारला गेले. बारा वर्षं इथे होते. परवा काही पोरांनी "भैयांनो, चालते व्हा" म्हणत त्यांच्या खोलीवर दगड मारले. भाषणं ठोकून पोरांना भडकवणारे नेते मात्र घरी निवांत आहेत.

गाडी आली तेव्हा त्यांची तिसरीतली पिंकी माझा हात धरून म्हणाली, "दादा, मला तर मराठी येतं. मग मी राहू का?"

मला रडूच फुटलं. रामाशिषभाईच म्हणाले, "रोते काहे हो? पत्थर तुम थोडे ही मारे हो."

पण दगड मारणाऱ्यांतला एक माझ्याच गल्लीतला आहे. त्याला मी अजून एक शब्द बोललेलो नाही.

तुम्ही पिंकीला काय उत्तर दिलं असतं?